भाटकार डोळा

इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गोव्याकडून येणाऱ्या गाड्यांत शोधतात ती बाटली. माझ्या पिशवीत निघाली एक नारिंगी बशी.

'ह्या काय?'

'पाखरू,' मी म्हटलं.

तपासणाऱ्यानं बशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि जायची खूण केली. बशी मामांसाठी होती. मोप्याला विमान उतरल्यापासून मी ती जपत होते, कारण ती फुटण्यासाठीच केलेली असते. चुनखडीची पूड आणि डांबरासारखा चिकटा, व्यास ११० मिलिमीटर, वजन १०५ ग्रॅमच्या आसपास. दिल्लीत तुघलकाबादच्या कर्णी सिंह रेंजवर रविवारी सकाळी मी असल्या बशांवर बंदूक चालवते. त्या खेळाला ट्रॅप म्हणतात. मामांनी तरुणपणी खरी पाखरं मारली. या विषयावर आमचा फोनवर वर्षभर वाद चालला होता आणि तो समोरासमोर मिटवायला मी आले होते. मिटला नाही, हे आधीच सांगून टाकते.

मामा खळ्यात पाटावर बसले होते. मांडीवर जुना पंचा, पंच्यावर ठासणीची बंदूक, शेजारी तेलाची वाटी. बंदूक नुकतीच पोलीस ठाण्यातून परत आली होती. सिंधुदुर्गात हा नेमच आहे. आचारसंहिता लागली की शेती संरक्षण परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या आणि निवडणूक आटोपली की पावती दाखवून आणायच्या. विधानसभेचं मतदान झालं २० नोव्हेंबर २०२४ ला, म्हणजे भात कापायचे, झोडायचे सगळे दिवस बंदूक ठाण्यात. 'माकडांक मतदान नाय, म्हणान तेंका आचारसंहिता पण नाय,' हे मामांचं दर निवडणुकीतलं वाक्य. माझ्याशी ते एरवी पुस्तकी मराठीत बोलतात, मुंबईत वाढलेली भाची म्हणून. वाद रंगला की मालवणीवर येतात.

बशी त्यांनी हातात घेतली, नखानं टिचकी मारली, उपडी केली.

'ही तर पणती.'

'ही उडते मामा. सुटताना ताशी शंभर किलोमीटरच्या वर. आपल्यापुढे पंधरा मीटरवर खंदक असतो, त्यात पंधरा यंत्रं. कुठलं सुटणार ते आपल्याला ठाऊक नसतं. डावीकडे जाईल, उजवीकडे जाईल, सरळ पुढे जाईल.'

'आणि तू काय करतेस?'

'मी बंदूक खांद्याला लावून उभी. "पुल" म्हटलं की बशी सुटते.'

मामांचा पंचा थांबला. 'बंदूक आधीच खांद्याक? मगे शिकार खयची? बंदूक गालाक येता थयसरच अर्धी शिकार होता, बाय.'

इथे त्यांचं खरं होतं आणि मी ते कबूल केलं. ट्रॅपमध्ये बंदूक आधी लावायची मुभा आहे. स्कीट नावाचा दुसरा प्रकार आहे, त्यात बशी दिसेपर्यंत दस्ता कमरेपाशी ठेवावा लागतो. मामांना तो प्रकार लगेच पटला. माझा पटला नाही तो नाहीच.

'जिवंत पाखरू नाही, ठिकाण नाही, वाट बघणं नाही,' ते म्हणाले, 'मग उरलं काय?'

'नेम उरला. पाखरू नसलं तरी तो शिकता येतो. तुमच्या वेळी तो पाखरं संपवून शिकावा लागायचा.'

या वाक्याचा मला नंतर थोडा पस्तावा झाला. तेव्हा मात्र मी जोरात होते. मी सांगितलं की बशीचा उगमही पाखरातच आहे. १९०० साली पॅरिसच्या ऑलिम्पिकच्या वेळी जिवंत कबुतरं सोडून त्यांच्यावर नेमबाजी झाली आणि बेल्जियमच्या लेऑन दे लुंडेननं २१ कबुतरं मारून ती जिंकली. त्याच्या वीस वर्षं आधीच अमेरिकेत जॉर्ज लिगोव्स्कीनं मातीच्या बशीचं पेटंट घेतलं होतं. आजही रेंजवर बशीला 'बर्ड'च म्हणतात.

'नावाक पाखरू,' मामा म्हणाले. 'जशी शहाळ्याच्या चवीची गोळी.'

आत मामी आडाळ्यावर नारळ खवत होती. मी तिच्याकडून डोळ्यांकडची करवंटी मागून घेतली. नारळाला तीन डोळे असतात. दोन टणक, एक मऊ, ज्यातून कोंब बाहेर येतो. मामीनं खराट्याच्या हिरानं तो मऊ डोळा आरपार केला आणि करवंटी माझ्या हातात दिली. तिला वाटलं मी पणतीसारखं काही करणार.

'मामा, दोन्ही हातांत धरा. हात लांब करा. दोन्ही डोळे उघडे. त्या भोकातून तुळशीतला दिवा बघा. दिसतो?'

'दिसता.'

'आता दिवा सोडायचा नाही. करवंटी हळूहळू तोंडाकडे आणा.'

करवंटी आली ती सरळ डाव्या डोळ्यावर.

मामा उजवे. उजव्या हातानं जेवतात, लिहितात, कोयता चालवतात, बंदूक उजव्या खांद्याला लावतात. त्यांनी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा डावा. तिसऱ्या वेळी त्यांनी मुद्दाम उजवीकडे ओढली, तर दिवाच दिसेना.

'करवंटी वाकडी हा.'

'करवंटी सरळ आहे. तुमचा मुख्य डोळा डावा आहे.'

माणसाचे दोन डोळे एकच वस्तू किंचित वेगवेगळ्या जागी पाहतात. मेंदू दोन्ही चित्रं जुळवतो, पण दिशा ठरवताना बहुधा एकाच डोळ्याचं ऐकतो. इटलीच्या जाम्बातिस्ता देल्ला पोर्तानं १५९३ सालीच हे लिहून ठेवलं आहे. साधारण दोन तृतीयांश माणसांत तो मान उजव्या डोळ्याला असतो, आणि उजव्या हाताच्या माणसाचा डोळाही उजवाच असेल असं नाही. भाजी चिरताना, एसटी चालवताना याचा काही फरक पडत नाही. छऱ्याच्या बंदुकीला मात्र पडतो. रायफलीला पुढे माशी असते, मागे खाच असते. दोन्ही जुळल्या की काम झालं. छऱ्याच्या बंदुकीला पुढची माशी तेवढी. मागची खाच म्हणजे आपला डोळा. तो नळीच्या रेषेत नसला की खाचच सरकल्यासारखी.

मी अंगणातल्या मातीत काडीनं आकृती काढली. दोन बुबुळांत अंतर सव्वासहा सेंटिमीटरच्या आसपास, डोळ्यापासून माशी नव्वद सेंटिमीटर. बंदूक उजव्या गालाला आणि नेम डाव्या डोळ्याचा असला, तर तीस मीटरवर छर्रे दोन मीटर डावीकडे जातात. बैलगाडी आरामात जाईल एवढी चूक.

मामांनी आकृती बघितली आणि मग जे बोलले ते मी आता रेंजवर सगळ्यांना सांगते. 'म्हणजे राबता तो उजवो खांदो, आणि मालकी डाव्या डोळ्याची. एक कूळ, एक भाटकार.'

'अगदी तसंच.'

'आणि तू कुळकायदो लावूक इलस.'

त्यांनी आकृतीवरून पाय फिरवला नाही, पण बंदूक उचलून भिंतीला लावली. मामा दुखावले की वस्तू जागच्या जागी ठेवतात.

'माझो नेम दोन मीटर डावीकडे, तर मगे पाखरां पडली कशी? दहा-बारा वर्सां आमच्या घरात काय कवडे चालत येय होते?'

हा प्रश्न रास्त होता. मामा सोळाव्या वर्षापासून आजोबांची दुनळी चालवायचे. हिवाळ्यात वायंगणाच्या शेतांत पाणलावे उतरत, पण ते साहेबांचं पाखरू. वाकडंतिकडं उडणारं, मूठभर मांसाचं, त्याच्यावर काडतूस घालवणं खेडुताला परवडणारं नव्हतं. (लपून अचूक मारणाऱ्या शिपायाला इंग्रजीत 'स्नायपर' म्हणतात तो शब्द या पाणलाव्याच्या इंग्रजी नावावरून आला आणि तोही अठराव्या शतकात हिंदुस्थानात शिकार करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या तोंडून.) आमच्या घरची शिकार म्हणजे पारवे, कवडे आणि वडाची फळं खायला येणारे हरियल. वड वहाळाच्या कडेला अजून आहे.

'तुम्ही वडापाशी उभे कुठे राहायचात?'

'देवळाकडे पाठ करून.'

'आणि पाखरं यायची कुठून?'

त्यांनी उजवा हात वर केला आणि डावीकडे नेला. 'सड्यावरसून. वहाळाकडे जाय.'

'उलटी जाणारी?'

'ती कधी गावली नाय. आमच्या बापाशीन सांगून ठेवलेल्यान, वहाळाकडसून सड्यार जाणाऱ्या पाखरावर काडतूस फुकट घालू नको. थय देवचाराची वाट.'

मी हिशेब मांडला, कारण मला राहवेना. हरियल ताशी साठ किलोमीटरनं चाललाय असं धरू, म्हणजे सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर. तीस मीटर जायला छऱ्यांना लागतो सेकंदाचा दहावा भाग. तेवढ्यात पाखरू पावणेदोन मीटर पुढे सरकलेलं असतं. म्हणून उडत्या पाखराच्या पुढे मारावं लागतं. किती पुढे, हेच तर सगळं शिक्षण.

'तुम्ही पुढे मारायचात?'

'छे. बापूस सांगी, पुढे-बिढे धरू नको, सरळ पाखरावर.'

उजवीकडून डावीकडे जाणारं पाखरू. सरळ पाखरावर नेम. डावा डोळा तो नेम आपोआप दोन मीटर डावीकडे नेणार, म्हणजे पाखराच्या पुढे. लागणारी आघाडी आणि डोळ्याची चूक, दोन्ही जवळपास सारख्या. उलट जाणाऱ्या पाखराला मात्र दोन मीटर चुकीचे आणि पावणेदोन मीटर वेगाचे, असे मिळून पावणेचार मीटर मागे. देवचाराची वाट ती हीच.

मामा बराच वेळ त्या आकृतीकडे बघत राहिले. मग खुशीत आले.

'म्हणजे माझो डोळो बरोबर होतो.'

'एका बाजूनं बरोबर होता.'

'मी एकाच बाजूक उभो रवतंय.'

आता इथे आमचा खरा वाद आहे आणि करवंटी हे निमित्त. माझं म्हणणं, चूक कळली की ती दुरुस्त करायची. मामांचं म्हणणं, चूक कळायचीही गरज नाही. ती जिथे उपयोगी पडते तिथे जाऊन उभं राहायचं. 'शेतकार जमीन सपाट करूक जाता काय? उतार बघून मेर घालता,' ते म्हणाले. 'शिकार म्हणजे शेती. तुमचो खेळ म्हणजे परीक्षा.'

आणि हे मला खोडता येईना. ट्रॅपमध्ये पाच जागा असतात आणि प्रत्येक बशीनंतर पुढच्या जागेवर सरकायचं असतं. कोणालाही लाडकी जागा ठेवता येऊ नये अशीच ती रचना आहे. बिकानेरचे महाराज कर्णी सिंह, ज्यांच्या नावाची आमची रेंज आहे, पाच ऑलिम्पिक खेळले. राजा असूनही त्यांना याच पाच जागांवरून फिरावं लागलं असणार. मामांना हे आवडलं, पण वेगळ्या कारणानं. 'म्हणजे खेळ राजांचोच. तुका परवडता कसो?' परवडत नाही, हे खरं उत्तर. महाराष्ट्राची नावं आठवून पाहावीत: अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आणि पॅरिसला २०२४ मध्ये कांस्य जिंकलेला कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसाळे. सगळे रायफल-पिस्तूलवाले. छऱ्याच्या बंदुकीला मोकळी जमीन लागते आणि प्रत्येक 'पुल'ला एक-दोन काडतुसं व एक बशी कायमची जाते. राज्यवर्धनसिंह राठोड यांचं २००४ चं अथेन्सचं रौप्य छऱ्याच्या बंदुकीचं, ते फौजी होते.

माझाही मुख्य डोळा डावाच आहे, हे मी मामांना तोवर सांगितलं नव्हतं. रेंजवर पहिले तीन महिने पंचवीस बशांत अकराच्या वर माझी मजल गेली नाही. डावीकडे सुटणाऱ्या बशा अधूनमधून फुटायच्या, सरळ जाणाऱ्या फुटायच्याच नाहीत. कोच एक दिवस समोर येऊन उभे राहिले, रिकाम्या बंदुकीची नळी स्वतः पकडून म्हणाले, माझ्या नाकावर धर. मी धरली. ते म्हणाले, मला तुझा डावा डोळा नळीवर दिसतोय.

उपाय तीन. पहिला, खांदा बदलायचा: डाव्या खांद्याला बंदूक लावायला नव्यानं शिकायचं. पोर लहान असेल तर हाच उत्तम. दुसरा, बार काढताना डावा डोळा मिटायचा. सोपा, पण त्यानं डावीकडचं अर्धं आभाळ जातं आणि पाखरू किती लांब आहे याचा अंदाज कच्चा होतो. तिसरा माझा. चष्म्याच्या डाव्या भिंगावर, गाल दस्त्यावर टेकल्यावर बुबुळ जिथे येतं नेमक्या तिथे, धूसर चिकटपट्टीचा टिकलीएवढा तुकडा. आजूबाजूनं डोळा सगळं बघतो, फक्त माशी त्याला दिसत नाही. मग दिशा ठरवायचं काम आपसूक उजव्याकडे येतं. महिन्याभरात मी अकरावरून सतरावर आले.

'भाटकाराच्या डोळ्यावर टिकली,' मामा म्हणाले. 'माका नको. अर्धो आंधळो होऊन नेम धरण्यापरीस...' आणि मध्येच थांबले. स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले, 'गो, त्या साली माका रांजणवाडी झालेली ती खयच्या डोळ्याक?'

'डाव्या!' आतून उत्तर. 'आठवडाभर डोळो उघडाक नाय.'

ही रांजणवाडी घरात पुराणासारखी सांगितली जाते, मीही लहानपणी ऐकली होती. डोळा टमाट्यासारखा सुजलेला, तरी मामा दुनळी घेऊन वडाखाली गेले. सड्यावरून येणारे, हक्काचे, तीन हरियल ओळीनं चुकले. परत येताना करवंदीच्या जाळीतून रानकोंबडा उठला आणि सरळ समोर, नळीच्या रेषेत पळाला. तसला कोंबडा त्यांनी जन्मात मारला नव्हता. तो पडला. आजोबा म्हणाले, देवचार फिरलाय, उलटं करतोय. वडाखाली नारळ ठेवला. चार दिवसांनी रांजणवाडी बसली, हरियल पुन्हा पडू लागले, सरळ जाणारे कोंबडे पुन्हा सुटू लागले. नारळ पावला, असं घरात ठरलं.

मी मामांकडे बघितलं. त्यांनी करवंटी उचलली, भोकातून एकदा माझ्याकडे पाहिलं.

'देवचाराक उगाच बोल लावलो,' एवढंच म्हणाले.

मी जिंकले असं वाचकाला वाटत असेल. पण संध्याकाळी मामांनी माझ्या हातात बंदूक दिली नाही, गुरं हाकायची काठी दिली आणि म्हणाले, लाव खांद्याला. मी रेंजवरच्यासारखी लावली. त्यांनी मान हलवली. 'तू गाल बंदुकीकडे नेतेस. बंदूक गालाकडे यायला हवी. डोकं हललं की डोळा हलला. तूच म्हणतेस ना, डोळा म्हणजे खाच? मग खाच हलवतेस कशाला?'

आजोबांनी त्यांना पहिलं काडतूस देण्याआधी अख्खा पावसाळा रिकाम्या दुनळीवर घालवला होता. पडवीत कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली. तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नळीचं तोंड दोरीवरून न सुटता फिरवायचं. आधी पाय, मग कंबर, मग खांदे. हातानं ओढायचं नाही. आणि टोकाला पोचल्यावर थांबायचं नाही, दोरी संपली तरी वीतभर पुढे जायचं. बार काढताना बंदूक थबकली की छर्रे मागे पडतात, म्हणून ही सवय. 'माशी बघायची नाही,' मामा म्हणाले, 'माशी बघणाऱ्याला पाखरू दिसत नाही. पाखराचं अंगही बघायचं नाही. चोच बघायची.' बशीला चोच नसते, मी म्हटलं. 'मगे पुढची कड बघ. तुझ्या पणतीक पुढची कड तरी असात.'

पडवीतली दोरी अजून तिथेच आहे, फक्त नायलॉनची झाली आहे. मी दोन संध्याकाळी तिच्यावरून काठी फिरवली, ओल्या टॉवेलांना चुकवत. दिल्लीत परतल्यावर पुढच्या रविवारी एकोणीस झाल्या. टिकली कोचची, दोरी आजोबांची. दोघांत वाटणी कशी करायची ते मला ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वडापाशी गेलो. हायवेवरून घाट चढणाऱ्या ट्रकचा आवाज येत होता. तिथे मी तो मुद्दा काढला, जो काढायचा की नाही हे रात्रभर घोळत होते. बशी फुटली नाही तर तिथल्या तिथे शून्य लिहितात आणि संपतं. पाखराचं तसं नाही. छर्रे एका ठिकाणी जात नाहीत, घोळक्यानं जातात. नळीचं तोंड पूर्ण आवळलेलं असलं तरी साडेछत्तीस मीटरवर, हात पसरून मावेल त्याहून लहान वर्तुळात शंभरातले सत्तर पोचतात. तोंड मोकळं असेल तर चाळीस. बाकीचे कडेकडेनं.

'म्हणजे तुमचा चुकलेला बार दर वेळी पूर्ण चुकलेला असेलच असं नाही, मामा. एखादा छर्रा...'

'म्हायत असा,' ते म्हणाले.

मी गप्प बसले.

'एक हरियल गावलेलो. बार काढल्यावर तो गेलो, आमी समजलो चुकलो. तिसऱ्या दिवशी पोफळीच्या बुडाक बसलेलो. पाखो लोंबत होतो. मुंगये लागलेले.' मामांनी त्याला घरी आणलं, कोंबड्यांच्या डालग्याखाली ठेवलं, वडाची फळं दिली. त्यानं खाल्ली नाहीत. 'पाय पिवळे. हळदीत बुडवल्यासारखे. रात्री मेलो, तरी पाय तसेच पिवळे.'

वडावर तेव्हा काही नव्हतं. एक खारूताई सरसर खाली आली, आम्हाला बघून परत वर गेली.

१९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला, तेव्हा मामा चोवीस वर्षांचे होते. आधी परवान्याशिवायची शिकार बंद झाली. १९९१ च्या दुरुस्तीनं परवानाच संपवला. हरियल आज महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे. दुनळी कधीच गेली, ठासणी राहिली, तीही माकडं आणि डुकरं पिटाळण्यापुरती, नुसती दारू ठासून.

'कायद्यान शिकार बंद केल्यान, असा मी सगळ्यांक सांगतंय,' मामा म्हणाले. 'डालगा खय ठेवलेला ता तुझ्या मामीक इचार.'

मामीला मी विचारलं नाही. घराकडे चालताना मामा एवढंच म्हणाले, 'आता माका खयचोय डोळो चलता. नुसतो आवाज काढूचो. आवाजाक डोळो लागना नाय.'

सालिम अलींचा विषय मी जेवताना काढला, थोडं बरं वाटावं म्हणून. मुंबईच्या खेतवाडीत वाढलेल्या या मुलानं एअरगननं एक चिमणी मारली, तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, ती घेऊन तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड साहेबांकडे गेला आणि तिथून भारतातला सर्वांत मोठा पक्षीतज्ज्ञ झाला. पुढेही अभ्यासासाठी त्यांनी बंदूक वापरलीच. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, 'तेचो डोळो खयचो?'

जानेवारीत त्यांचा फोन आला. करवंटी वाडीभर फिरवून झाली होती. मामीचा उजवा निघाला. पोस्टमन डावा. शेजारच्या भटजींनी करवंटी धरायला नकार दिला, मग त्यांना हातांचा त्रिकोण करून बघायला लावलं. देवळातल्या गुरवाचा कधी डावा, कधी उजवा. 'तसं असतं काहींचं,' मी म्हटलं, 'अगदी कडेला बघताना मालकी बदलूही शकते.' 'म्हणजे तेच्याकडे कुळकायदो आधीच लागू झालो,' मामा म्हणाले.

'आणि तुम्ही?'

'मी सकाळी वडाकडे जातंय. दुसऱ्या बाजूक. काठी घेऊन.'

'हरियल आले?'

'इले की. वहाळाकडसून सड्यार. डावो डोळो बंद केलंय, काठी लावलंय, चोच धरलंय, वीतभर फुडे. गावलो असतो.' थोडं थांबले. 'मगे डोळो उघडलंय. सात होते, माका तीनच दिसलेले.'

बशी फुटली का, असं मी विचारलं. नाही. मामीनं ती तुळशीत पणतीखाली ठेवली आहे, तेल सांडू नये म्हणून.